वुल्व्हरहॅम्प्टनचे पहिले चार आठवडे

इंग्लंड म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते, आणि लंडन म्हटले की बाबासाहेबांचे शिक्षण आठवते. आम्हा उभयतांचेही तसेच होते. पण नोकरीचे पत्र आले ते वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या शहरातून. हे नाव नीट उच्चारायलाच आम्हाला आठ दिवस लागले. लंडनपासून सुमारे दोनशे किलोमीटर, बर्मिंगहॅमपासून वीस, असे हे कामगारांचे शहर. एकेकाळी या मुलखात कोळसा निघायचा, लोखंड ओतले जायचे, कुलपे घडायची. त्या धुरामुळे आणि कोळशामुळे या भागाला 'ब्लॅक कंट्री', काळा मुलूख, हे नाव पडले ते आजही आहे. धूर मात्र गेला, आणि कारखानेही बरेचसे गेले. टायरचा एक मोठा कारखाना १९२७ पासून चालू होता, तोही २०१६ साली बंद झाला.

आमच्यातली एक सिस्टर. नागपूरच्या खाजगी दवाखान्यात अकरा वर्षे नोकरी, त्यानंतर रात्री जागून दिलेली ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, आणि मग ही संधी. आमच्यातला दुसरा हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर. तिसरी आमची साडेपाच वर्षांची मुलगी. सिस्टरचे तिकीट नोकरी देणाऱ्यांनी काढले. आम्हा दोघांचे तिकीट, व्हिसा आणि हातखर्चासाठी आम्ही पतसंस्थेचे कर्ज काढले आणि भिशीही आधीच उचलली. ते सारे पैसे पाकिटात घेऊन २०२३ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर उतरलो, आणि तिथून चार तास बसने वुल्व्हरहॅम्प्टनला.

पहिला धक्का थंडीचा नव्हता. थंडीची तयारी होती. आईने दोन-दोन स्वेटर बांधून दिले होते. धक्का होता तो अंधाराचा. दुपारचे चार वाजून वीस मिनिटे झाली आणि दिवस मावळला! सकाळी आठ वाजले तरी उजाडेना. आमच्या मुलीला वाटे, आताच तर जेवलो, मग झोपायचे कसे? भारतात तेव्हा साडेपाच तास पुढची वेळ. आम्ही संध्याकाळी पाचला फोन लावावा, तर तिकडे नागपुरात साडेदहा वाजलेले आणि आई पेंगत बसलेली. "पोरगी काय करून राहिली? थंडी वाजते का जी तिले?" एवढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ती झोपत नसे.

राहायला दवाखान्याच्या नर्सांच्या इमारतीत एक खोली मिळाली होती. स्वयंपाकघर सहा जणींमध्ये एक. कुटुंबासह राहण्याची परवानगी फक्त चार आठवड्यांची. त्या चार आठवड्यांत बाहेर घर शोधायचे होते. पगार फेब्रुवारीच्या शेवटी, कारण महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्याचे नाव त्या महिन्याच्या पगारात बसत नाही. म्हणजे सहा आठवडे पाकिटातल्या पैशांवर. तेव्हा एका पौंडाला सुमारे शंभर रुपये पडत होते. हा हिशेब सोपा म्हणून वाईट! दुधाची बाटली हातात घेतली की मन लगेच शंभराने गुणते आणि हात बाटली परत ठेवतो. येथे नव्याने आलेला प्रत्येक माणूस हा गुणाकार करतो आणि पहिला पगार होईपर्यंत अर्धपोटी राहतो. आमच्या बंधूंना आमचे सांगणे आहे की लेकराच्या दुधाचा तरी गुणाकार करू नये.

घरगुती गोष्टी आमच्या भगिनींना जाणून घ्यायच्या असतील, म्हणून त्या थोडक्यात सांगतो. नळाचे पाणी थेट पिता येते. पण बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून बर्फासारखे पाणी आणि दुसऱ्यातून चटका बसेल असे. न्हाणीघराच्या फरशीला पाणी जायला मोरीच नाही, त्यामुळे अंग धुवायचे ते टबात उभे राहून, आणि शौचाला पाणी नाही, कागद. नागपुरातून आणलेला प्लॅस्टिकचा मग आमच्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू ठरली. तूरडाळ मिळते, पण ती बहुधा तेल लावलेली. पाकिटावर तसे लिहिलेले असते. गरम पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय ती शिजवू नये. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानात मिळते. आणि फोडणी! मोहरी तडतडली, लाल मिरची टाकली, की छताला लावलेला धुराचा भोंगा सारी इमारत डोक्यावर घेतो. पहिल्या रविवारी आमच्या एका वाटी वरणापायी सहा नर्सा बाहेर कडाक्याच्या थंडीत उभ्या राहिल्या. त्यातली एक केरळची होती. तिने हसत हसत शिकवले की फोडणी देताना खिडकी उघडायची, दार लावायचे आणि एकाने टॉवेल घेऊन भोंग्याखाली उभे राहायचे. ते टॉवेलचे काम आमच्या मुलीने मागून घेतले.

आता मुख्य अडचणीकडे येतो. परदेशात गेलेला माणूस पहिल्या दिवसांत कशाने हैराण होतो? भाषेने नाही, थंडीने नाही. कागदाने होतो. बँकेत खाते उघडायला गेलो तर राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला, म्हणजे वीजबिल किंवा घराचा करार. घराच्या दलालाकडे गेलो तर त्याने बँकेचे खाते आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या. शाळेत चौकशी केली तर मुलगी कुठल्या पत्त्यावर राहणार ते आधी सांगा म्हणाले. राहण्याच्या परवान्याचे कार्ड तेव्हा दहा दिवसांच्या आत पोस्टात जाऊन घ्यावे लागे. (२०२५ पासून ती कार्डे राहिली नाहीत, सारे संगणकावर झाले आहे. जाणाऱ्यांनी आपले ऑनलाइन खाते आधीच नीट उघडून ठेवावे आणि त्याचा पासवर्ड एजंटाच्या हाती देऊ नये.) कार्ड मिळाले, पण त्यावर पत्ता नाही. अकरा वर्षे नोकरी केलेली बाई आणि चौदा वर्षे मशीनवर हात काळे केलेला माणूस, या दोघांचे अस्तित्व सिद्ध करील असा एक कागद या देशात नव्हता. शेवटी दवाखान्याच्या कार्यालयातून 'सदर व्यक्ती आमच्याकडे कामास असून अमुक ठिकाणी राहते' असे पत्र घेतले, तेव्हा बँकेची गाठ सुटली. असे पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्यावे.

नावाचीही एक गंमत झाली. आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवऱ्याचे नाव आणि मुलीच्या नावात मधे बापाचे. इथल्या लोकांना ते समजत नाही. डॉक्टरकडे नाव नोंदवायला गेलो तेव्हा तिथल्या बाईने तीन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि विचारले, "तुम्हा तिघांचेही नाव एकच का?" आम्ही समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे साहेबांचे नाव घरातल्या सगळ्यांच्या पोटात!" डॉक्टरकडे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, आणि सरकारी आरोग्यसेवेच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पत्त्याचा पुरावा दाखवण्याचीही सक्ती नाही. त्याच फॉर्मवर धर्माचा रकाना होता. त्यात बौद्ध हा शब्द छापलेलाच होता. खूण केली आणि पुढच्या रकान्याकडे गेलो. कुणी वर पाहिले नाही, दाखला मागितला नाही. आपल्याकडे या एका रकान्यासाठी किती खेपा घालाव्या लागतात ते वाचकांना सांगायला नको.

पण त्याच आठवड्यात दुसरा अनुभव आला. घराच्या शोधात दोन ठिकाणी नकार मिळाला होता. एका दलालाने सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले. तेवढे पैसे असते तर आम्ही इथे कशाला आलो असतो? तिसरी जागा एका भारतीय कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर होती. दुकानाच्या काचेवर चिठ्ठी पाहून गेलो. बाईंनी चहा दिला, मुलीला बिस्कीट दिले, हिंदीत गप्पा झाल्या. भाडे परवडणारे. मग त्यांनी विचारले, "महाराष्ट्रात कुठले? आडनाव काय म्हणालात? म्हणजे तुम्ही कोण?" आम्ही म्हटले, "आम्ही बौद्ध." त्या "अच्छा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोली कालच दिली गेली. आठ दिवसांनी ती चिठ्ठी काचेवर तशीच होती.

सात समुद्र ओलांडून आल्यावरही हे! त्या रात्री आम्ही दोघे फारसे बोललो नाही. सिस्टर एवढेच म्हणाल्या, "अहो, गोऱ्या बाईने धर्म वाचून खूण केली, आणि आपल्या बाईने चहा पाजून दार लावलं." या देशात समानतेचा २०१० चा कायदा आहे. त्यात जातीचा उल्लेख घालण्याचे बंधन २०१३ साली संसदेने सरकारवर घातले. २०१८ साली सरकारने ते करणार नसल्याचे सांगून विषय न्यायालयांवर सोडला. म्हणजे कातडीच्या रंगावरून खोली नाकारली तर कायद्यात सरळ शब्द आहे. जातीवरून नाकारली तर ते कायद्यात बसते हे आधी न्यायालयात पटवून द्यावे लागते. तीन आठवड्यांपूर्वी आलेला, खिशात परतीचे तिकीट नसलेला माणूस न्यायालयात कसा जाणार?

चौथ्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी आम्ही पेनफील्ड्स भागातल्या अप्पर झोअर स्ट्रीटवरील बुद्धविहार शोधत गेलो. बसचे एका वेळचे भाडे त्या जानेवारीपासून सरकारने दोन पौंडांवर आणून ठेवले होते (२०२५ पासून ते तीन पौंड झाले), तरी आम्ही चालतच गेलो. मनात चित्र होते ते आपल्या इंदोऱ्यातल्या विहाराचे. वाटले, आत गेल्याबरोबर कुणीतरी मराठीत "या दादा, या ताई" म्हणेल. आत गेलो. "जयभीम" म्हणालो. चार-पाच वृद्धांनी "जयभीम" म्हटले. आणि पुढचे सगळे पंजाबीत!

आम्हाला हे माहीतच नव्हते. वुल्व्हरहॅम्प्टन हे पंजाब्यांचे शहर. २०२१ च्या जनगणनेत इथले शंभरातले बारा जण शीख आहेत. आणि त्याच पंजाबातून, जालंधर-होशियारपूरच्या बाजूने, बाबासाहेबांना मानणारे आपले लोकही पन्नास-साठच्या दशकांत इथल्या ओतशाळांत मजुरीला आले. त्यातल्याच एका आजोबांनी आम्हाला शेजारी बसवून घेतले. वय ऐंशीला टेकलेले, उजव्या हाताची दोन बोटे अर्धी. १९६२ साली, बाहेरून येणाऱ्यांवर बंधने घालणारा कायदा लागू होण्याच्या जरा आधी, एकोणीस वर्षांचे असताना ते आले. एका खोलीत आठ जण. दिवसपाळीवाले उठले की त्याच गाद्यांवर रात्रपाळीवाले झोपत, गादी कधी थंड होत नसे. सुटीच्या दिवशी खोल्या शोधायला जावे, तर काचेवर 'काळ्यांना जागा नाही' अशी पाटी. १९६८ च्या एप्रिलमध्ये याच शहराचा खासदार इनॉक पॉवेल याने बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध भाषण केले, तेव्हा आजोबांच्या ओतशाळेतले सोबती दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलेनात. त्याच काळात इथल्या बसवर काम करणाऱ्या शीख कामगारांना पगडी आणि दाढीची बंदी होती. लढून, मोर्चे काढून १९६९ साली त्यांनी ती उठवली.

"आणि आपल्या लोकांचे?" आम्ही विचारले. आजोबा सिनेमातल्या हिंदीत म्हणाले, "बेटा, गोरा पाटी लावून सांगत होता. आपला माणूस गाव विचारून सांगत होता." मग त्यांनी सिस्टरना विचारले, "घर मिळाले का, पुत्तर?"

आम्ही खोलीची हकिकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. फोन काढून कुणाला तरी लावला. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे घर रिकामे होत होते. मंगळवारी घर पाहिले. गुरुवारी करार झाला, आणि जामीन म्हणून सही आजोबांनी केली. चार दिवसांच्या ओळखीवर! इथे जामीन राहणे म्हणजे नुसती सही नव्हे. आम्ही भाडे थकवले तर ते त्यांच्या पेन्शनीतून गेले असते. आम्ही तसे म्हटले, तर ते म्हणाले, "तुमचे भाडे बुडणार नाही. सिस्टरची नोकरी आहे." ते आजोबा जातककथा सांगत नाहीत की भाषण करीत नाहीत. विहारात खुर्च्या लावतात आणि चहाचे कप विसळतात.

घर म्हणजे लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतले एक. खाली दोन खोल्या, वर दोन. चाळ उभी कापून आडवी ठेवावी तसे. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, असा २०१९ चा कायदा आहे, आणि ते पैसे घरमालकाला तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावे लागतात. त्याची पावती मागून घ्यावी. न मागणाऱ्याचे पैसे जाताना अवघड होतात. वीज आणि गॅसचे मीटर आधी पैसे भरायचे होते. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन विजेची चावी आणि गॅसचे कार्ड भरून आणायचे. पैसे संपत आले की मीटर आठवण करते, आणि थोडी उधारीही देते. ती पुढच्या भरण्यातून कापून घेते. अगदी आपल्या वाण्यासारखे! त्या हिवाळ्यात वीज-गॅस फार महागले होते, म्हणून आम्ही एकच खोली तापवायचो आणि तिघे तिथेच असायचो. ओले कपडे त्याच खोलीत वाळत घातले, तर आठ दिवसांत भिंतीला काळी बुरशी. शेजारच्या बाईने सांगितले, थंडी असली तरी रोज दहा मिनिटे खिडकी उघडा. हे आम्हाला आधी पटले नव्हते. पैसे टाकून तापवलेली हवा बाहेर घालवायची? पण बुरशीला दुसरा इलाज नाही.

पत्ता मिळाला आणि शाळा मिळाली. नागपुरात मुलगी केजीत होती, इथे पहिलीत बसली. सरकारी शाळेला फी नाही, देणगी नाही, आणि प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन वर्गांना दुपारचे जेवणही फुकट. पहिले तीन दिवस ती वर्गात एक शब्द बोलली नाही. बाईंनी "ऑल राइट?" विचारले की रडायला लागे. तिला वाटे, आपल्याला काही झाले आहे म्हणून विचारतात! इथे तो नुसता नमस्कार असतो, आणि उत्तरात तेच म्हणायचे असते. महिन्याभराने ती शाळेच्या दारातून आम्हाला "ता-रा" म्हणून निरोप द्यायला लागली. इथल्या बोलीत येतो म्हणायचे ते असे.

घर थाटले तरी डोक्यावर तलवार होतीच. इथल्या नर्सिंग कौन्सिलची 'ऑस्की' नावाची प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परदेशी सिस्टरला नर्स म्हणून काम करता येत नाही. तोवर पगार मदतनिसाचा. दहा टप्पे असतात. एका अर्जावर तीनच संधी. तिन्ही गेल्या तर नोकरी धोक्यात, आणि नोकरीवर तिघांचा व्हिसा. अकरा वर्षे शेकडो सलाइनी लावलेल्या बाईला पुन्हा हात कसे धुवायचे ते तपासून घ्यावे लागते. आधी राग येतो. मग कळते की काम येते की नाही हे इथे पाहतातच. पण प्रत्येक कृती करताना रुग्णाला तोंडाने सांगता का, त्याची परवानगी घेता का, हेही पाहतात. आपल्याकडे रुग्णाला विचारायला वेळ कुठे असतो! रोज रात्री जेवणानंतर आमची मुलगी मनगटाला कागदाची पट्टी बांधून सोफ्यावर पेशंट होऊन झोपे, आणि सिस्टर तिचे नाव, जन्मतारीख विचारून पट्टीशी ताडून पाहत. फिटर घड्याळ लावून बसे. उशीवर छाती दाबण्याचा सराव होई. उशी दोन महिन्यांत फाटली. एप्रिलमध्ये नॉर्थम्प्टनला परीक्षा झाली आणि सिस्टर पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाल्या.

येण्याचा विचार करणाऱ्या भगिनींना एक गोष्ट निक्षून सांगतो. नर्सच्या भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा इथल्या सरकारचा भरतीचा नियम आहे. जो एजंट लाखांचा आकडा सांगतो, त्याच्या दारातून परत फिरावे. वृद्धांची देखभाल करणाऱ्या 'केअर' व्हिसाच्या नावाने तर गावोगाव लूट झाली. त्या कामगारांना कुटुंब सोबत आणण्याची मुभा २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली आणि परदेशातून नवी भरती २०२५ च्या जुलैपासून बंद आहे. आजही कुणी तो व्हिसा विकत असेल, तर तो कोरा कागद विकतो आहे. नोकरीच्या करारात 'इतक्या वर्षांआधी सोडल्यास इतके पैसे परत' असे कलम असते. तेही सहीआधी वाचावे.

फिटरला काम मिळायला मे महिना उजाडला. नागपूरचा वाहनपरवाना इथे पहिले बारा महिने चालतो, हे कळल्यावर थोडा आधार वाटला, पण मिळाले ते गोदामातले रात्रपाळीचे काम. त्याआधीचे चार महिने घर त्याच्याकडे होते: डाळ धुणे, मीटर भरणे, शाळेची ने-आण. नागपुरातले नातेवाईक फोनवर विचारीत, "अजून घरीच का?" आम्ही सांगायचो, "घरीच. आज भाजी बरी झाली." आता सिस्टर सकाळी सात ते रात्री साडेसातच्या पाळीला असल्या, की परतीची बस आठला आमच्या थांब्यावर येते, आणि गोदामाकडे जाणारी बस आठ वाजून दहा मिनिटांनी सुटते. मधल्या दहा मिनिटांत मुलीचा हात एका हातातून दुसऱ्या हातात जातो, डबा कुठे ठेवला ते सांगून होते, मीटरमध्ये किती पैसे उरलेत तेही सांगून होते.